उडत्या सरड्याच्या मुठीचा फोटो: एप्रिल-मेच्या नोंदी

मागच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडचे सगळे फोटो खोडाला चिकटून बसलेल्या सरड्याचे. मला हवा होता हवेतला, आणि त्यातही पुढच्या पायांचा. पश्चिम घाटातला आपला उडता सरडा, ड्रॅको डुसुमिएरी, लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याच्या जोरावर तरंगतो हे आपल्याला माहीतच आहे. पण पुढचे पाय तेव्हा मोकळे नसतात. २०१७ साली याच जातीवरच्या अभ्यासातून समोर आलं, की झेप घेतल्याबरोबर तो ते मागे नेऊन पडद्याची कड पंजात धरतो. तेव्हापासून ती मूठ डोक्यातून जात नाही.

१२ एप्रिल. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं ओळखीच्या काकांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. सकाळी साडेनऊला ऊन खोडांवर आलं आणि एक नर दिसला. सालीच्याच रंगाचा, गळ्याखालची पिवळीधमक झालर बाहेर काढली नसती तर नजरेला पडलाच नसता. पाच झेपा, पाचही फोटो धूसर. मी कॅमेरा त्याच्यामागे फिरवत होतो, तीच चूक.

१९ एप्रिल. कॅमेरा बाहेर काढलाच नाही. पाटाच्या बांधावर बसून तीन तास नुसतं पाहिलं. तो पोफळीवर खाली उतरतो आणि मुंग्या टिपत सावकाश वर चढतो. शेंड्याशी हातभर अंतर उरलं की थांबतो, तोंड पुढच्या झाडाकडे करतो, मान दोनदा हलवतो आणि सुटतो. त्या दिवशी नऊपैकी सहा वेळा तो एकाच पोफळीकडे गेला. काका म्हणाले, "त्याची वाट ठरलेली असते रे. आमच्या माकडांचीही असते."

३ मे. ट्रायपॉड लावला, दोन पोफळींमधल्या मोकळ्या जागेवर फोकस बांधून ठेवला. शटर १/३२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००. फोटोत दाणे येतात, येऊ देत. मान हलली की बटण दाबायचं, एवढंच ठरवलं होतं. अकराव्या झेपेला तो चौकटीत आला. उन्हं मागून होती, त्यामुळे पडदा उजळून आतल्या बरगड्या पंख्याच्या काड्यांसारख्या दिसताहेत. आणि डाव्या पंजाची बोटं पडद्याच्या कडेवर घट्ट आवळलेली, नखांसकट. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा हात थरथरत होते.

ही नोंद वाचून कुणी प्रयत्न करणार असेल तर आधी एक सकाळ बिनकॅमेऱ्याची द्या. लेन्स कुठली, हा प्रश्न नंतरचा.

उतरण्याआधी तो पडदा सोडून पंजे पुढे आणतो, तो क्षण अजून मिळालेला नाही. पोफळींवर बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी सुरू व्हायला दोन रविवार आहेत.