बेदाणा घेऊन रॉटरडॅम ते लिंझ

पिंपळगाव बसवंतला दाजींचा बेदाण्याचा धंदा आहे. मे महिन्यात त्यांचा माल न्हावा शेव्याहून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरला. पुढे ट्रकने ऑस्ट्रियात, लिंझला न्यायचा होता. माझा आडगावला वाहतुकीचा व्यवसाय, म्हणून दाजी म्हणाले, "तू एकदा सोबत जाऊन बघ." गेलो. माल शनिवारी पोहोचायचा, तो सोमवारी पोहोचला.

शुक्रवारची सकाळ कागदपत्रांत गेली आणि बंदरातून निघायलाच दुपारचा एक वाजला. सगळं तिथेच फसलं. तिकडे चालकाला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि रात्री ११ तासांची विश्रांती. गाडीतलं नोंदयंत्र, टॅकोग्राफ, मिनिटन् मिनिट नोंदवतं. जर्मनीत वुर्झबर्गजवळ मुक्काम केला. शनिवारी दहाला निघालो, न्यूर्नबर्गला कोंडीत अडकलो आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीवरच्या पासाऊला पावणेतीन झाले. लिंझ शंभरेक किलोमीटरवर राहिलं होतं. पण ऑस्ट्रियात ७.५ टनांवरच्या ट्रकना शनिवारी दुपारी ३ ते रविवारी रात्री १० बंदी. हद्दीच्या अलीकडेच थांबलो.

आमचा चालक रोमानियाचा. त्याने काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेला एक कागद चिकटवला होता, देशागणिक बंदीच्या वेळांचे लाल चौकोन काढलेला. जर्मनीत रविवारी मध्यरात्रीपासून रात्री १० पर्यंत. फ्रान्समध्ये शनिवारी रात्री १० पासून. स्वित्झर्लंडमध्ये तर ३.५ टनांपासूनच बंदी. नेदरलँड्सचा रकाना कोरा, तिथे सरसकट बंदी नाही. कडेला पेनाने १ नोव्हेंबर लिहिलेला: जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात सुट्टी, म्हणून ट्रक बंद, शेजारच्या हेसेन प्रांतात सुट्टी नाही.

मला बंदीचं वाईट वाटलं नाही. रविवारी चालकाने फोनवर घरच्या मुलीशी तासभर गप्पा मारल्या, मी चहा केला, दोघांनी चिवडा खाल्ला. आपल्याकडच्या किती चालकांना असा रविवार मिळतो? खटकतं ते एवढंच, की रस्ता एक आणि घड्याळं पाच. युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये समान नियमांचा प्रस्ताव मांडला होता, देशांचं एकमत झालं नाही. तो मंजूर व्हायलाच हवा होता. गणपतीत कोकणच्या महामार्गावर १६ टनांवरच्या गाड्या बंद होतात, तेव्हा आपणही वेळापत्रक बदलतोच. पण तिथे आदेश एकाच राज्याचा असतो.

आता द्राक्षवाल्यांसाठी महत्त्वाचं. ताजी फळं नाशवंत म्हणून जर्मनीत रविवारीही चालतात. बेदाणा सुका माल, त्याला ती सवलत नाही. त्यामुळे द्राक्षांच्या अनुभवावर बेदाण्याची तारीख कुणाला कबूल करू नका. वेळ मोजताना बंदरापासून पुढे मोजू नका, हद्दीवरच्या शनिवारच्या तीन वाजल्यापासून मागे मोजा आणि कोंडीसाठी तीन तास सोडा. तिथल्या सुट्ट्या प्रांतवार बघा. जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीच्या काही महामार्गांवर शनिवारीही दिवसा बंदी असते. थांबायची जागा शनिवारी दुपारच्या आत धरा, नंतर ट्रकचे तळ भरून जातात.

रविवारी रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना तळावरच्या सगळ्या ट्रकांचे दिवे लागले. दहाच्या ठोक्याला एकामागून एक गाड्या हलल्या. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला.

दाजींचं पुढचं कंटेनर रॉटरडॅमहून मंगळवारी सकाळी निघेल, असं आताच ठरवून टाकलंय.