३०८ ब्रास अपडेट: मशीनगनला उगाच शिव्या दिल्या

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलेलं की काडतुसं घरीच परत भरायला माझ्या .३०८ रायफलसाठी लेक सिटीच्या (अमेरिकन लष्कराचा काडतूस कारखाना) ५०० वन्स-फायर्ड, म्हणजे एकदाच उडालेल्या, केसेस (काडतुसाच्या पितळी नळ्या, म्हणजेच ब्रास) स्वस्तात मिळाल्या, आता ब्रासची चिंता मिटली. कसली मिटतेय. पहिल्या १०० चं तिसरं फायरिंग झालं आणि शनिवारी डॅलसच्या उकाड्यात गॅरेजमध्ये पुसत बसलो तर बुडाच्या जरा वर चकचकीत गोल रेघ. एक नाही, अकरा केसेसवर! पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून ओढलं तर बरोबर तिथंच अडकतंय. एक केस हॅक्सॉने उभी चिरली, आत चक्क खाच. अजून एखादा बार आणि बूड हातात, नळी चेंबरात (रायफलमध्ये काडतूस बसतं ती पोकळी).

पहिला राग विकणाऱ्यावर. माल मशीनगनमधला, चेंबर ढिले, केसेस ताणलेल्याच येणार, वर प्रायमर पॉकेटचा (बुडातला ठिणगीची टिकली बसते तो खळगा) क्रिम्प, म्हणजे टिकली धरून ठेवणारी दाबलेली कड, काढून काढून माझा अंगठा सुजलेला. मग सहज म्हणून विंचेस्टरच्या केसेस तपासल्या, ज्या फक्त माझ्याच बोल्ट रायफलमध्ये पाचदा उडाल्यात. चार केसेसवर तीच रेघ, पुसट पण आहे.

म्हणजे चोर घरातलाच. डायच्या (उडालेली केस दाबून परत मापात आणणारा, म्हणजे साइझ करणारा साचा) कागदात लिहिलंय तसं डाय शेल होल्डरला (केसचं बूड धरणारा तुकडा) टेकवून वर पाव आटा फिरवत होतो इतके दिवस. मित्राकडून कॉम्परेटर (बुडापासून शोल्डरपर्यंतची लांबी मोजायचं साधन) आणला, फायर केलेली आणि साइझ केलेली केस मोजली, फरक ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग)!! बोल्टगनला २ पुरे. मी दर वेळी शोल्डर (केस मानेकडे निमुळती होते तो खांदा) मागे रेटतोय, बार झाला की तो परत पुढे, आणि पितळ बुडाशी पातळ होत चाललंय. आता डाय वर घेऊन लॉक रिंग कसली, ४ केसेस वाया घालवून नेमके २ थाऊ आले आणि बोल्ट असा बंद झाला की उगाच दहादा उघडबंद केला.

दोन्ही कंपन्यांच्या केसेस मिसळू मात्र नका. माझ्या काट्यावर लेक सिटी १८० ग्रेनच्या आसपास, विंचेस्टर १५७. बाहेरून माप तेच, म्हणजे जाड पितळाने आतली जागा खाल्ली, तोच लोड (तेवढीच दारू) टाकला तर प्रेशर चढणार. हेडस्टॅम्प (बुडावरचा शिक्का) बघूनच डबे वेगळे करा.

लापुआची पाल्मा ब्रास घ्यायचं ठरवत होतो, पण तिचं फ्लॅश होल (ठिणगी आत जाते ते भोक) बारीक, जुना प्रायमर काढायची डिकॅपिंग पिनही वेगळी लागणार, म्हणजे परत खर्च. अ‍ॅनीलिंग करून, म्हणजे मान टॉर्चने तापवून, जुनीच वाचवू म्हटलं तर त्याने मान मऊ होते, बुडाची खाच थोडीच भरते, आणि बुडापर्यंत आच गेली तर केस कामातून गेली. (टॉर्च पेटवला की बायको विचारते, कल्हईवाले, पातेली आणू का?)

हे टाइप करतानाच सुचलं, उरलेल्या ४०० अजून साइझ केलेल्याच नाहीत! म्हणजे आधी सगळ्यांचा शोल्डर मोजायचा, जास्त पुढे गेलेल्या सरळ भंगारात, बाकीच्यांना तीनच फायरिंग. पाल्मा कॅन्सल, आधी स्वतःचा कॉम्परेटर.