शॉर्ट लेगची वही : चौथा सामना, तीन झेल

जिंकलो! कांगा लीग या मुंबईच्या पावसाळी क्लब क्रिकेट स्पर्धेतला या मोसमातला आमचा चौथा सामना, आणि पहिल्या डावाची आघाडी पहिल्यांदाच आमच्याकडे आली. आम्ही ११७, समोरचे सर्वबाद ८१. ज्यांनी पावसाळ्यातलं आझाद मैदान पाहिलेलं नाही त्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. इथे जमिनीलगतचा खणखणीत ड्राइव्हसुद्धा गवतात तीस यार्डांवर दमतो, चौकार हवा असेल तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. १९४८ पासून ही लीग अशाच पावसात खेळायची म्हणून खेळली जाते, आणि ११७ ला इथे किती किंमत असते हे कांगा खेळलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आधीच्या तीन सामन्यांत दोनदा टॉस जिंकून आम्ही गोलंदाजी घेतली आणि दोन्हीदा फसलो. ओली खेळपट्टी म्हणजे आधी बॉलिंग, हे डोक्यात पक्कं बसलेलं. यावेळी कॅप्टनने टॉसच्या आधी माळीकाकांना गाठलं. "काका, कशी आहे?" काका म्हणाले, "रात्रभर पाणी प्यायलीये. आत्ता काही करणार नाही. दुपारी ऊन पडलं तर मग बघा." कॅप्टनने अंगठा दाबून पाहिला, तो सहज आत गेला. टॉस जिंकला आणि त्याने बॅटिंग घेतली. तंबूत दोघा-तिघांचे चेहरे पडले, पण काकांचं बरोबर होतं. पूर्ण भिजलेल्या मातीवर चेंडू नुसता संथ येतो, नाहीतर घसरतो. खरं विष नंतर चढतं. वरचा पापुद्रा सुकायला लागतो, खाली ओल तशीच असते, चेंडू पडेल तिथे खळगा पाडतो. मग त्याच टप्प्यावरून एक छातीवर येतो आणि पुढचा घोट्यावर बसतो.

आमच्या डावाबद्दल फार लिहीत नाही. सलामीवीराने शांतपणे ३४ केले, सहाव्या नंबरच्या मुलाने मिडविकेटवरून चार षटकार मारले, मी २ धावांवर बोल्ड. दीडच्या सुमाराला ढग हटले आणि ऊन पडलं.

आता माझा विषय. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना आठवत असेल, पहिल्या तीन सामन्यांत शॉर्ट लेगला, म्हणजे लेग साइडला फलंदाजाच्या अगदी जवळच्या जागेवर, माझ्याकडे पाच झेल आले आणि मी एकच धरला. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धाकटा भाऊ आणि मी सराव करतोय. जुना लेदर बॉल बादलीत बुडवायचा आणि त्याने चार पावलांवरून बॅटच्या कडेने माझ्याकडे ढकलायचा. ओला चेंडू जड होतो आणि तळहातावरून साबणासारखा सुटतो, त्यामुळे बोटांनी पकडायला गेलं की गेलाच. तो तळव्यात येऊ द्यायचा आणि हात थोडे मागे न्यायचे. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा ठरला. मी वाकलेल्या स्थितीतून लवकर उठत होतो. आता चेंडू बॅटला लागेपर्यंत हात जवळजवळ गवताला टेकलेले असतात. खालून वर जायला वेळ मिळतो, वरून खाली जायला मिळत नाही.

पहिला झेल डावखुऱ्या स्पिनरच्या गोलंदाजीवर, बॅट-पॅड, म्हणजे बॅटला आणि मग पॅडला लागून, सरळ हातात. दुसऱ्यासाठी पुढे झेपावलो. चेंडू चिखलापासून वीतभर वर होता, आणि तळव्यात बसल्याचा तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर एक सुटला. फलंदाजाने स्वीपसाठी, म्हणजे लेग साइडला आडव्या बॅटने मारायच्या फटक्यासाठी, गुडघा टेकला आणि मी पाठ वळवली. चेंडू खांद्याला लागून उडाला, मला दिसलाच नाही. हेल्मेट होतं, पॅड होते, तरी वळलो. भारताच्या एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, त्यातले कितीतरी याच जागेवर आणि हेल्मेटशिवाय. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा मैदानावरच वाढला. तो झेल सुटल्यावर मला सोलकरच आठवत होते.

तिसरा झेल मात्र सामन्याचा होता. ६ बाद ७० झालेले, त्यांचा जमलेला फलंदाज २९ वर. ऑफस्पिनरचा चेंडू खळग्यातून उसळला, ग्लव्हला लागून माझ्या डावीकडे वर गेला. एका हाताने धरला. विकेटकीपर सगळ्यांच्या आधी येऊन मिठी मारून गेला. उरलेले तीन अकरा धावांत आटोपले.

आउटराइटसाठी, म्हणजे दोन्ही डाव मिळून पूर्ण विजयासाठी, आम्ही लगेच दुसरा डाव सुरू केला. सहा षटकं झाली आणि सीएसएमटीच्या बाजूने पाऊस आला तो थांबलाच नाही. आघाडीचे गुण घेऊन परतलो. निघताना वडापावची पिशवी घेऊन काकांच्या खोलीवर गेलो. कॅप्टन त्यांच्या पाया पडला, मीही पडलो.

पुढच्या रविवारपर्यंत फक्त स्वीप. भाऊ गुडघा टेकून टेनिस बॉल जोरात मारणार, मी हेल्मेट घालून बसणार, आणि डोळे बॅटवरून हलवायचे नाहीत. रोज पन्नास चेंडू. तुमच्यापैकी कुणी शॉर्ट लेगला नियमित उभं राहत असेल तर एवढं सांगा : स्वीप येतोय हे कळल्यावर तुम्ही खाली बसता की जागेवरच राहता?