दिवे घाटात माऊलींचे फोटो काढताना

पहिल्या वर्षी मी पहाटेच दिवे घाटासमोरच्या टेकडीवर जागा धरली. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० ची लेन्स, ट्रायपॉड, सगळा जामानिमा. ज्ञानोबा माऊलींची पालखी घाट चढू लागली, रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, वळणावळणाचा रस्ता टोप्यांनी आणि पताकांनी भरून गेलेला. घाटाचे फोटो छान आले. चेहऱ्यांचा मात्र एकही धड नव्हता. लांबून चोरून घेतलेले, त्यात सगळे काळवंडलेले.

त्याचं कारण नंतर कळलं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. सदरा, धोतर, टोपी असं पांढरंच पांढरं दिसलं की तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, उतरवतो आणि उन्हात रापलेला चेहरा आणखी बुडतो.

पुढच्या वर्षी टेकडी सोडली आणि पुण्याहून सासवडपर्यंत दिंडीबरोबर चाललो. जवळून काढायची ५० ची लेन्स, कॅमेऱ्याला रबर लावून प्लास्टिकची पिशवी, काच पुसायला सुती पंचा. स्पॉट मीटरिंग (छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) ठेवून मोजमाप गालावरून घ्यायचं, टोपीतला तपशील थोडा गेला तरी जाऊ द्यायचा. हा बदल फार मोठा ठरला.

हडपसरच्या पुढे भुरभुर सुरू झाली. चहाच्या ताडपत्रीखाली एक आजी तुळशीवृंदावन डोक्यावरून न उतरवता उभ्या होत्या.

“आजी, फोटो काढू का?”

“काढ की माऊली, पर आधी च्या घे.”

चहा झाला. पहिला फोटो पाहिला तर चेहरा निळा! निळ्या ताडपत्रीचा रंग चेहऱ्यावर पडलेला. त्यांना कडेला, उजेडाकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. ढगाळ हवेत असा कडेचा उजेड मला सगळ्यात आवडतो. वरून नाही, समोरून येतो, डोळ्यांखाली काळोख साचत नाही. अ‍ॅपर्चर २.८, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं, फोकस जवळच्या डोळ्यावर. सुरकुत्यांत उतरलेला बुक्का, पदराच्या काठावर लोंबणारा थेंब, सगळं लख्ख आलं.

स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी स्वतःकडे पाहिलंच नाही.

“तुळस सगळी आली न्हाय रं.”

खरंच, शेंडे वरून कापले गेले होते. मी चार पावलं मागे सरकलो, गुडघ्यावर बसलो आणि पुन्हा काढला. आषाढी झाल्यावर त्याचीच प्रत त्यांच्या गावच्या पत्त्यावर टपालाने धाडली.