आईच्या खोलीतला एसी

अकोल्यात उन्हाळा म्हणजे कूलर. होळी झाली की तो धुवायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या, की पावसापर्यंत निश्चिंती. पण कूलर पाणी पितो. मे महिन्यात दिवसाला चार-पाच बादल्या, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही. गेल्या वर्षी शाळेतून घरी आले तर चौऱ्याहत्तर वर्षांची आई भरली बादली घेऊन स्टुलावर चढलेली. माझे पायच लटपटले. त्याच संध्याकाळी ठरवलं, आईच्या खोलीत एसी.

सगळ्यांनी स्प्लिट सुचवला. त्याचं बाहेरचं युनिट गच्चीवर न्यावं लागलं असतं आणि आमच्या गच्चीला जिना नाही. विंडो एसी अंगणात उभं राहून साफ करता येतो. खोली दहा बाय चौदा, वर तापणारा स्लॅब, म्हणून दीड टनाचा घेतला.

आधी वायर बदलली, हे फार बरं झालं. खोलीतला जुना पॉइंट पंख्या-दिव्यापुरता. मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), १६ अँपिअरचं सॉकेट, आणि अर्थिंग तपासून घेतलं. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका करू.

खरी अडचण भिंतीची निघाली. आमची भिंत चौदा इंची. विंडो एसी बाहेरची हवा बाजूच्या जाळ्यांतून आत ओढतो आणि गरम करून मागून फेकतो. त्या जाळ्या भिंतीत दडल्या तर मशीन गुदमरतं. बसवायला आलेला माणूस नेमका तसाच, भिंतीत खुपसून बसवून गेला. शिवाय पुढे, खोलीच्या बाजूला कलंडलेला, म्हणजे मशीनचं पाणी आत. तिसऱ्या दिवशी आईच्या उशाशी भिंतीला ओल आली आणि थंडावाही येईना. मला खूप राग आला, आईसाठी जास्त.

मग गल्लीतल्या वेल्डरभाऊंना बोलावलं. त्यांनी मशीन उतरवलं, पन्नास किलोच्या वर वजन, तिघं लागले. लोखंडी अँगलची चौकट केली, खाली दोन तिरपे टेकू दिले, आणि जाळ्या भिंतीच्या पूर्ण बाहेर येतील इतकं मशीन अंगणाकडे सरकवलं. "ताई, पाणसळ आहे का घरी?" पाणसळ म्हणजे उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी. बाबांची होती, कपाटात. बाबा गवंडीकाम करायचे. भाऊंनी ती मशीनवर ठेवून बुडबुडा जरासा सरकेपर्यंत मागची बाजू खाली घेतली, साधारण एक सेंटिमीटर. पाणी मागे, अंगणात जायला एवढा उतार पुरतो. फटींत फोम, वरून प्लायवूडची पट्टी. पाणसळ परत देताना त्यांनी ती सदऱ्याला पुसून दिली.

आता २६ वर ठेवतो, सोबत पंखा हळू. आई दुपारी दोन तास सलग झोपते.

मे महिन्यात मागून जेमतेम थेंब पडायचे, हवाच कोरडी. मृगाचा पाऊस झाला, हवा दमट झाली आणि एका रात्रीत खाली ठेवलेली बादली अर्धी भरली. कूलरचीच बादली ती. आई सकाळी त्यातलं पाणी तांब्या-तांब्याने मोगऱ्याला घालते.