रात्रीची लाईट आणि पहाटेचे कॉर्टिसोल

रब्बीची पेरणी उरकली की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गावांत एकमेकांना विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सध्या लाईट दिवसाची आहे की रात्रीची? शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यामुळे हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी केव्हा द्यायचे, हे पिकापेक्षा विजेचे वेळापत्रकच ठरवते. रात्री दारे धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, जाणाऱ्या माणसाविषयी बोलताना साप, विंचू, थंडी आणि ओल्या हाताने स्टार्टरजवळ होणारे अपघात यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि घरची शेती असल्यामुळे या रात्री मला परक्या नाहीत. या चर्चेत शरीराच्या आत काय घडते याचा उल्लेख मात्र क्वचितच ऐकू येतो. माझ्या मते जागरणाच्या नुकसानीतला मोठा वाटा वीज येण्याची वाट पाहण्याचा आहे, आणि तो बुडालेल्या झोपेच्या तासांत मोजता येत नाही.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर, अधश्चेतक नावाच्या भागात सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस हा पेशींचा लहानसा पुंजका असतो; हेच शरीराचे मुख्य घड्याळ. त्यात सुमारे २०,००० चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीतील काही जनुके प्रथिने तयार करवतात. ही प्रथिने पुरेशी साठली की तीच त्या जनुकांचे काम थांबवतात. प्रथिनांचे विघटन झाले की काम पुन्हा सुरू होते, आणि या एका फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात हा फेरा सरासरी २४ तासांहून काही मिनिटे जास्त भरतो, म्हणून हे घड्याळ रोज थोडे दुरुस्त करावे लागते आणि ते काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावर मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही खास पेशी असतात; निळसर उजेडाला त्या विशेष प्रतिसाद देतात आणि बाहेर दिवस आहे की रात्र, ही बातमी थेट या पुंजक्याला पोहोचवतात. अंधार पडल्यावर मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक स्रवू लागते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली येते.

मेलाटोनिनविषयी हल्ली बरेच लिहिले जाते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते कॉर्टिसोल, कारण उजेडाचे आणि चिंतेचे, असे दोन्ही हिशेब या एकाच संप्रेरकात येऊन मिळतात. निरोगी माणसात त्याची पातळी मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते, पहाटे चढू लागते, जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेते आणि मग दिवसभर उतरत जाते. रक्तातले कॉर्टिसोल तपासायचे असेल तर डॉक्टर बहुधा सकाळी आठच्या सुमारास नमुना द्यायला सांगतात, आणि स्टिरॉइडची गोळी शक्यतो सकाळीच घ्यायला सांगतात, ती याच चढउताराला धरून.

हेच कॉर्टिसोल ताण आल्यावरही वाढते. धोका जाणवताच पहिल्या काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन काम करते. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो. त्यामागून अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते आणि काही मिनिटांत रक्तातले कॉर्टिसोल वाढते. यकृत साखर सोडते, स्नायूंना इंधन मिळते, तातडीची नसलेली कामे मागे पडतात. पुरेसे कॉर्टिसोल झाले की मेंदूच ते पाहून संदेश थांबवतो. संकट आले आणि टळले, एवढ्यापुरती ही व्यवस्था उत्तम आहे. कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस किंवा कोसळलेला सोयाबीनचा भाव असा टळत नाही, ही अडचण मात्र शरीररचनेच्या आवाक्याबाहेरची आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. घड्याळ एकट्या मेंदूत नसते. यकृत, मूत्रपिंड, हृदय, स्नायू यांच्या पेशींतही तीच जनुके तसेच फेरे घेत असतात. जिनिव्हा येथील उली शिबलर यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून दोन गोष्टी दाखवल्या. कॉर्टिसोलसारखे काम करणारे औषध दिले, तर यकृतासारख्या अवयवांतली घड्याळे पुढेमागे सरकतात. मेंदूतले मुख्य घड्याळ मात्र जागचे हलत नाही, कारण प्रौढ प्राण्यात त्या पुंजक्यातील पेशींवर या संप्रेरकाचा संदेश घेणारे ग्राहीच नसतात. तसेच खाण्याची वेळ उलटी केली, तर यकृताचे घड्याळ जेवणामागे जाते आणि मेंदूचे उजेडामागेच राहते. ताण म्हणजे अवयवांच्या दृष्टीने वेळेचाही एक इशारा असतो. अवेळी आलेला हा इशारा मेंदू ऐकत नाही आणि यकृत ऐकते. मग एकाच शरीरात दोन वेळा चालू राहतात. सतत रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागच्या कारणांत या फाटाफुटीची गणना होते.

आता वाट पाहण्याकडे येतो. जर्मनीतील ल्युबेक येथे यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपायला जाणाऱ्या काही निरोगी माणसांना सकाळी सहाला उठवू असे सांगितले, काहींना नऊला उठवू असे सांगून प्रत्यक्षात सहालाच उठवले. ज्यांना सहाची वेळ माहीत होती, त्यांच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींना जागवणारे पीयूषिकेचे संप्रेरक उठण्याच्या तासभर आधीपासून वाढू लागले होते. ज्यांना अचानक उठवले त्यांच्यात तशी आगाऊ वाढ दिसली नाही. गाढ झोपेतही मेंदू वेळेचा अंदाज घेत असतो आणि शरीराला तयारीला लावतो. पहाटेची एस.टी. पकडायची असली की गजर वाजण्याआधीच डोळे उघडतात, हा अनुभव बहुतेकांना आहे. जहाजांवरील अभियंत्यांच्या १९८८ मधील अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते: ज्या रात्री धोक्याची घंटा वाजण्याची शक्यता असे, त्या रात्री घंटा वाजण्याआधीपासूनच त्यांची गाढ झोप घटलेली असे.

वेळापत्रकात रात्री दहा लिहिलेले असते, पण फ्यूज उडालेला असतो, डीपी जळालेली असते किंवा लाईट येते आणि दहा मिनिटांत जाते. शेतकरी अंगणात बाजेवर पडलेला असतो. ऑटो स्विच लावलेला असला तरी पाणी कोणत्या सऱ्यांत जाते आहे, हे पाहायला माणूस लागतोच. झोप लागली तरी ती मोटारीच्या आवाजाकडे कान देऊन लागलेली असते. शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येते आणि ते रात्री केव्हा येईल याचा नेम नसतो, तेव्हा घरातल्या बाईची झोपही अशीच असते. ऊसतोडीला गेलेल्या बीडकडच्या जोडप्यांचे हाल तर याहून वाईट: फडातले काम पहाटे अंधारात सुरू होते आणि ट्रक भरायला रात्री कधीही उठावे लागते.

या संदर्भात किल्लारीचा विचार मनात येतोच. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना झाला, आणि त्यानंतर लातूर-धाराशिव भागातल्या कितीतरी लोकांनी दीर्घकाळ दगडी घरात झोपण्याचे टाळले. त्या पिढीतल्या एका वृद्ध नातलग बाईंना अजूनही त्याच सुमारास जाग येते. याचे सोपे स्पष्टीकरण देण्याचा मोह मी आवरतो. ती वेळ सर्वांच्याच झोपेत हलकी असते. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पूर्वार्धात आटोपलेली असते आणि कॉर्टिसोल वर चढू लागलेले असते, त्यामुळे मनात असलेली भीती तेव्हा सहज वर येऊ शकते. मोठ्या आघातानंतर कॉर्टिसोल वाढलेलेच राहते, असेही नाही; काही जणांत ते सामान्यापेक्षा कमी आढळते.

‘रात्री दहाला झोपा, पहाटे उठा’ हा उपदेश पगारदार माणसासाठी ठीक आहे. दारे धरणाऱ्याला तो सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात राहतात त्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या खऱ्या आहेत. मेंदूचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकू शकते, त्यामुळे चार रात्रींसाठी ते उलटे करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ते दिवसाच्याच वेळेवर राहू द्यावे. म्हणजे रात्री लख्ख पांढऱ्या बॅटरीचा आणि मोबाइलचा वापर गरजेपुरताच करावा, सकाळी थोडा वेळ उघड्यावर उजेडात काढावा आणि मग दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप घ्यावी. जेवण शेतात जाण्याआधीच उरकावे. मेलाटोनिन वाढलेले असताना इन्सुलिनचे स्रवण मंदावते. संध्याकाळी खाल्लेल्या भाकरीपेक्षा तीच भाकरी रात्री दोनला रक्तातील साखर अधिक वाढवते, आणि मधुमेह असलेल्याने तर हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये.

शेतीला दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जिथे तिची वीज पोहोचेल तिथे रात्रीचे जागरण टळेल. त्या बाजूने बोलताना आरोग्याचे हे कारणही नोंदवले जावे, असे मला वाटते. तोपर्यंत करण्यासारखी एक गोष्ट त्यामानाने स्वस्त आहे. बिघाड झाल्यावर वीज नक्की केव्हा येणार, याची खरी वेळ गावातल्या मोबाइलवर कळवली गेली, तर ल्युबेकच्या प्रयोगावरून मी असा अंदाज करतो की शरीर आपली तयारी त्या वेळेच्या आधीच्या तासापुरती राखेल, आणि दोन वाजता मोटार सुरू करायची आहे हे ठाऊक असलेला माणूस निदान एक वाजेपर्यंत निवांत झोपू शकेल.