घरगुती ओटीडीआर: दुसऱ्या रीलमधला तुटका बिंदू अखेर दिसला

ओटीडीआर म्हणजे ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाचा पल्स सोडून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून फायबर कुठे तुटलंय ते शोधणारं यंत्र. मागच्या नोंदीत तुटक्या फायबरच्या ज्या रीलवर गाडी अडली होती, तिचा ट्रेस (परतलेल्या प्रकाशाचा आलेख) काल रात्री मिळाला. 8.4 मायक्रोसेकंदांवर रेषा सरळ खाली कोसळते. तो पाहून अक्षरशः टाळ्या वाजवल्या!

पहिली रील सोपी होती. तिथे काच सरळ कापली गेली होती. अशा टोकावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत येतो आणि सुळका लगेच दिसतो. दुसऱ्या रीलमध्ये सुळक्याचा पत्ताच नाही. लाल लेसर सोडून पाहिला, पण काळ्या जॅकेटमधून काहीच दिसेना. काच तिरकी किंवा चुरा होऊन तुटली असेल तर परावर्तन गाभ्यात परतत नाही, मग हाती उरतं ते फक्त रॅले बॅकस्कॅटर, म्हणजे काचेतच विखुरून मागे येणारा अगदी क्षीण प्रकाश. 1 मायक्रोसेकंदाचा पल्स सोडला तरी ते लाखात एखादा भाग, आणि माझा पल्स होता 10 नॅनोसेकंदांचा. सगळं नॉइजमध्ये बुडत होतं.

पल्स 100 नॅनोसेकंदांवर नेला. बॅकस्कॅटर दहापट झालं, पण त्या बदल्यात रिझोल्यूशन 1 मीटरवरून 10 मीटरवर गेलं. मग 65,536 स्वीपची (एकामागून एक केलेल्या मोजण्यांची) सरासरी घेतली, म्हणजे नॉइज 256 पटींनी खाली. तरीही सुरुवातीचा भाग बिघडलेलाच, कारण पुढच्या कनेक्टरच्या परावर्तनाने एपीडीचा (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा) अँप्लिफायर सॅच्युरेट होत होता. तिथे हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा कनेक्टर) लावल्यावर उतरती रेषा स्वच्छ उमटली. 8 अंशांच्या त्या तिरक्या टोकाची किंमत आता कळली. स्वस्त मिळतो म्हणून निळा यूपीसी (सरळ टोकाचा कनेक्टर) इथे लावू नका.

हिशोब: काचेचा अपवर्तनांक 1.468 धरला तर, प्रकाशाचं जाणं-येणं दोन्ही मोजून, दर मायक्रोसेकंदाला 102 मीटर, म्हणजे 8.4 ला 858. त्यातून लाँच फायबरचे (यंत्र आणि रील यांच्यामध्ये जोडलेल्या तुकड्याचे) 150 वजा केले की 708.

आज तिथलंच जॅकेट सोलणार होतो. पण हे लिहिताना सुचलं, रील उलट्या टोकाकडूनही मोजता येईल की! जॅकेटवरच्या आकड्यांप्रमाणे ती 1,000 मीटरची आहे, म्हणजे तिकडून 292 यायला हवेत. बेरीज जुळली नाही, तर अपवर्तनांक थोडा हलवून पाहीन. जुळली, की मगच 700 च्या खुणेशी जॅकेट उघडून फायबरला घट्ट वेढा देणार. लेसर 1550 नॅनोमीटरचा असल्याने वाकवलेल्या जागी प्रकाश गळून पडणारी पायरी ट्रेसवर उठून दिसेल, आणि ती कोसळणाऱ्या बिंदूच्या अलीकडे पडली तर कात्री आणखी पुढे न्यायची. लाँच फायबर दुसऱ्या टोकाला जोडून ठेवलंय, स्वीप रात्री लावतो.